वास्तुशांतीसाठी दिलेली खोली

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात किल्ल्या आहेत. मोजल्या नाहीत, पण वीसेक असतील. त्यातल्या एकाही किल्लीचं दार माझं नाही. बहुतेक किल्ल्या दावा चालू असताना पक्षकार "तुमच्यापाशीच राहू द्या" म्हणून ठेवून गेले आणि निकालानंतर कुणी न्यायला आलं नाही. काही किल्ल्यांची दारंच आता उरलेली नाहीत. गेल्या वर्षी मी कोर्टात जाणं थांबवलं आणि विश्रामबागेतलं ऑफिस आवरायला काढलं, तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "आई, हे भंगारात टाक." मी टाकल्या नाहीत. बत्तीस वर्षं मी घरमालक-भाडेकरूंच्या भांडणांवर पोट भरलं, आधी साताऱ्यात आणि मग सांगलीत, आणि ते प्रत्येक भांडण शेवटी किल्ली कुणाच्या हातात आहे इथेच येऊन थांबायचं.

लोकांना वाटतं, वकिलाकडे माणूस भांडण घेऊन येतो. माझ्याकडे बरेचसे हार मानूनच यायचे. साताऱ्याला असताना एके दिवशी कोयनानगरच्या बाजूचे एक गृहस्थ आले. पोवई नाक्याजवळ त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. रस्त्यावर एक टेम्पो उभा, त्यात कपाट, काउंटर, भिंतीवरची दहा-बारा घड्याळं, सगळं बांधून ठेवलेलं.

"मालक बदलला की वो मॅडम," ते म्हणाले. "आता आपलं काय हाय तितं?"

"नव्या मालकानं जा म्हटलं का?"

"न्हाई. अजून त्येंचं त्वांडबी बगितलं न्हाई."

"मग टेम्पो कुणी भरला?"

"मीच की. म्हनलं, हाकलल्यावर जान्यापरास मानानं गेल्यालं बरं."

मी त्यांना टेम्पोसकट परत पाठवलं. तेवढ्या वेळात शेजारच्या दुकानदाराने त्या रिकाम्या गाळ्यात स्वतःची दोन पोती आणून ठेवली होती, ती काढायला आठ दिवस लागले. नव्या मालकाला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो बिचारा महिन्याने आला, घड्याळाला सेल घालून घेतला आणि गेला.

कायदा या बाबतीत अगदी साधा आहे. इमारत विकत घेणारा ती भाडेकरूसकट विकत घेतो. जुन्या मालकाबरोबर ज्या अटी होत्या त्याच नव्याबरोबर पुढे चालतात. भाडेकरूने नव्याने सही करायची गरज नसते, नवीन करार करावाच लागतो असंही नसतं. मालक बदलल्याचं त्याला लेखी कळवलं पाहिजे, म्हणजे भाडं कुणाला द्यायचं ते त्याला कळतं. नव्या मालकाला जागा खरोखर स्वतःसाठी हवी असेल तर ती मागायला त्याला मोकळीक आहे, पण ती कोर्टात मागायची. पाणी तोडून, वीज तोडून किंवा कुलूप बदलून नाही. मी हे पक्षकारांना सांगायचे तेव्हा म्हणायचे, म्हैस घेतली की तिची शिंगं वेगळी ठेवून येत नाहीत. त्यावर भाडेकरू हसायचे आणि मालक हसायचे नाहीत.

पण कायदा माहीत झाला म्हणजे माणूस सुखी होतो असं नाही. साताऱ्याच्याच मंगळवार पेठेतले एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर माझे पक्षकार होते. एकटेच राहायचे. त्यांची इमारत त्याच गल्लीतल्या एका कुटुंबाने घेतली आणि खोली स्वतःसाठी हवी म्हणून मास्तरांवर दावा लावला. मी तेव्हा नवी होते आणि फार कडक होते. मी मास्तरांना सांगितलं, यापुढे तोंडी काही बोलायचं नाही. जे काही असेल ते रजिस्टर पोस्टाने. दार उघडायचं नाही, काही घ्यायचं नाही, काही द्यायचं नाही. मास्तर जन्मभर शाळेत शिस्त शिकवलेले, त्यांनी माझं म्हणणं अक्षरशः पाळलं. संक्रांतीला नव्या मालकाची बायको तिळगूळ घेऊन आली, तर हे खिडकीतून म्हणाले, "पोस्टाने पाठवा."

दावा आम्ही जिंकलो. निकालाच्या दिवशी मी घरी पेढे नेले. दोन वर्षांनी मास्तर ऑफिसात आले आणि त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. लेकीकडे कऱ्हाडला चालले होते.

"खोली राहिली, वकीलबाई," ते म्हणाले, "पण जिन्यात कुणी 'या' म्हणत नाही."

डब्यातली सगळ्यात जुनी किल्ली ती आहे. त्यांचं ते वाक्य मला लागलं, आणि खरं सांगायचं तर अजून लागतं. सल्ला चुकीचा नव्हता, पण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तो द्यायची पद्धत चुकली. पुढे मी सांगलीत आले आणि पक्षकारांना शेजाऱ्यांशी बोलायची परवानगी देऊ लागले. तरी किल्लीच्या बाबतीत माझा नियम बदलला नाही. किल्ली कुणालाही, कशासाठीही, तासाभरासाठीसुद्धा द्यायची नाही. आणि नेमकं तेच करून रमजानभाई माझ्याकडे आले.

रमजानभाई म्हणजे गाद्यावाले. सांगलीत मारुती चौकाच्या आतल्या अंगाला एका दुमजली इमारतीत तळमजल्यावर त्यांची खोली होती. वडिलांच्या वेळेपासूनची. पुढच्या अंगाला कापूस पिंजायचं मशीन, मागे खोळी शिवायची जागा आणि वर लाकडी माळा, त्यावर कापसाची पोती. इमारतीच्या मूळ मालकीणबाई वारल्या, त्यांची मुलं पुण्याला. मुलांनी इमारत विकली ती वाळव्याकडच्या एका निवृत्त सुभेदारांना. सुभेदारांना गावाकडे ऊस होता, पेन्शन होती आणि एक मुलगा होता, ज्याला सांगलीत दुकान काढून द्यायचं होतं. वरच्या मजल्यावरचे दोघे भाडेकरू इमारत विकल्याचं कळताच आपणहून गेले. राहिले एकटे रमजानभाई.

सुभेदार पहिल्यांदा आले तेव्हा रमजानभाईंनी त्यांना चहा पाजला. सुभेदार म्हणाले, "बसा तुमी निवांत. तुमाला कोन उठवतंय?" मला वाटतं, त्या दिवशी ते खरंच तसं म्हणाले असावेत.

मग सुभेदारांनी वास्तुशांत काढली. भटजींनी इमारत बघितली आणि सांगितलं की वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरायची, होमही त्याच बाजूला करायचा. आग्नेय कोपरा नेमका रमजानभाईंच्या खोलीत. सुभेदारांनी येऊन एका दिवसासाठी खोली मागितली. रमजानभाईंनी मशीन बोळात हलवलं, खोली झाडून घेतली, एका भिंतीला पांढरा हात मारला आणि भटजी पहाटे येणार म्हणून आदल्या संध्याकाळी किल्ली सुभेदारांच्या हातात दिली.

वास्तुशांत झाली, पंगती झाल्या. संध्याकाळी रमजानभाईंनी किल्ली मागितली, तेव्हा पाहुणे आहेत, उद्या या, असं उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराला नवं कुलूप होतं आणि कापसाची पोती बोळात मशीनशेजारी रचून ठेवलेली होती. मधे एक दलाल होता. त्याने सुभेदारांच्या कानात सांगितलं होतं की किल्ली आयती हाताला आलीय, आता परत देऊ नका.

एवढं सगळं मला सांगून झाल्यावर मी विचारलं, "हे कधी झालं?"

"झालं की साडेपाच म्हैनं."

"साडेपाच महिने तुम्ही काय करत होता?"

"वाट बगत हुतो. मोठी मानसं हायती, देतील आज ना उद्या. रस्त्याकडंला पत्र्याचं शेड टाकून बसलोय तवर. पन धूळ लय उडती वो, कापूस काळा पडतोय. गिऱ्हाईक म्हनतंय, रमजानभाई, ह्यो कसला माल?"

मी चिडले. चिडायला कारण होतं. ज्याला कोर्टात न जाता जागेवरून काढलं, त्याला ताबा परत मागायचा एक सोपा दावा असतो. त्यात जागेची मालकी कुणाची हे बघतच नाहीत. काढलं त्या दिवशी ताबा कुणाचा होता, एवढंच बघतात. पण तो दावा सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. म्हणजे माझ्या हातात पंधरा दिवस होते.

"तुम्ही किल्ली दिलीच कशी?" मी विचारलं.

"देवाचं काम हुतं, मॅडम."

"तुमचा देव नव्हता."

"देवाच्या कामाला कुनाचा देव ते इचारून न्हाई म्हनायचं आसतं व्हय?"

मी कागद मागितले. ते नव्हते. भाड्याच्या पावत्या कृष्णेचं पाणी खोलीत आलं तेव्हा पत्र्याच्या पेटीत भिजून त्यांचा लगदा झाला होता. विजेचं बिल मूळ मालकीणबाईंच्या नावावर. वरचे भाडेकरू एक कोल्हापूरला, एक कुठे ते कुणाला माहीत नाही. पुण्याच्या मुलांनी फोनवर सांगितलं की आम्ही त्या व्यवहारातून मोकळे झालो, आता आम्हाला यात ओढू नका. खोली गेली तर रमजानभाईंचा धंदा जाणार हे उघड होतं. साठीच्या पुढचा माणूस, दुसरं काही येत नाही, आणि त्या धंद्याला कोरडी, बंद जागा लागते.

तेराव्या दिवशी मी दावा दाखल केला. सुभेदारांची कैफियत आली, म्हणजे त्यांचं लेखी उत्तर. त्यात म्हटलं होतं की रमजानभाईंनी वास्तुशांतीच्या महिनाभर आधीच राजीखुशीने खोली रिकामी केली, माल नेला आणि स्वतःच्या हाताने किल्ली दिली. यातलं शेवटचं खरं होतं, तीच पंचाईत होती. किल्ली स्वतःच्या हाताने दिली हे आम्हालाही कबूल होतं. ती एका दिवसासाठी दिली, हे सांगायला रमजानभाईंशिवाय कुणी नव्हतं. भटजींकडे मी गेले. ते म्हणाले, "बाई, मी पूजा सांगतो. घरं कुणाची ते विचारत बसलो तर माझं कोण ऐकेल?" त्यांचंही बरोबर होतं.

सुभेदारांचा उलटतपास मी घेतला. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ते सावधानमध्ये उभे राहिले. अशा माणसाला दटावून उपयोग नसतो, म्हणून मी पूजेपासून सुरुवात केली.

"वास्तुशांत झोकात झाली म्हणे?"

"झाली की."

"माणसं किती होती?"

"सगळं गाव आलंतं. दोन बसगाड्या केल्या हुत्या."

"फोटो वगैरे काढले असतील."

"फोटो काय घेऊन बसलाय, मॅडम?" सुभेदार खुलले. "आख्खा विडिओ हाय. सकाळच्या गनपतीपूजनापास्नं शेवटच्या पंगतीपातुर."

त्यांचे वकील खोकले. पण सुभेदार सांगत राहिले की व्हिडिओवाला इस्लामपुराहून मुद्दाम आणला होता. मी खाली बसले आणि तो व्हिडिओ कोर्टापुढे आणावा असा अर्ज लिहायला घेतला. त्यावर दोन तारखा वाद झाला, मग आवश्यक त्या प्रमाणपत्रासह एक पेन ड्राइव्ह आला. साडेतीन तासांचा कार्यक्रम होता.

त्याची प्रत मी आणि रमजानभाई माझ्या ऑफिसात बसून बघितली. पहिला तासभर मला काही सापडलं नाही. बायकांच्या साड्या, जावयांचे फेटे, भटजींचे हात. रमजानभाई मात्र मन लावून बघत होते. मधेच म्हणाले, "सुभेदारांच्या सूनबाई लय दमल्या त्या दिवशी." मग होम पेटला आणि व्हिडिओवाल्याने धुराचा मागोवा घेत कॅमेरा वर नेला. वर माळा दिसला. माळ्यावर पोती, आणि पोत्यांवर ओलीकिच्च गोणपाटं पसरलेली. कॅमेरा खाली आला तर दाराशी उंबऱ्याच्या आत रमजानभाई उकिडवे बसलेले. शेजारी लाल प्लास्टिकची बादली, हातात तांब्या. पुढचा सगळा होम ते तिथेच बसून होते. एकदा एक ठिणगी उडाली तेव्हा उठले, भटजींना हाताने थांबा म्हणाले, ठिणगीवर पाणी टाकलं आणि परत जाऊन बसले.

मी व्हिडिओ थांबवला. "हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"काय?"

"तुम्ही बादली घेऊन बसला होता ते."

रमजानभाईंना प्रश्नच कळला नाही. "त्यात काय सांगायचं, मॅडम? होम म्हनल्यावर ठिनगी उडनारच, आन वर कापूस. खोली माजी, कापूस माजा, मग मीच बसनार की. दुसरं कोन बसंल?"

ताबा म्हणजे काय, हे मी कॉलेजात जाड पुस्तकांतून शिकले होते आणि पुढे कितीतरी न्यायाधीशांसमोर इंग्रजीत मांडलं होतं. यापेक्षा चांगलं मला कधी जमलं नव्हतं. ते वाक्य मी अंतिम युक्तिवादात जसंच्या तसं लिहिलं, त्यांच्याच भाषेत.

पुढच्या तारखेला कोर्टात लॅपटॉप ठेवला आणि सुभेदारांना परत पिंजऱ्यात बोलावलं. त्यांच्यासमोर तेवढाच भाग लावला. होम, माळा, गोणपाटं, बादली.

"हे बादली घेऊन बसलेत ते कोण?"

सुभेदारांनी पडद्याकडे बघितलं, मग मागच्या बाकावर बसलेल्या रमजानभाईंकडे बघितलं.

"रमजानभाई."

"माळ्यावर काय आहे?"

"कापूस."

"कुणाचा?"

"त्येंचाच."

माझे प्रश्न संपले होते. उलटतपासात हवं ते मिळालं की गप्प बसायचं असतं, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. मी बसायला वळले तेवढ्यात सुभेदार न विचारता बोलले. "एका दिसासाठीच मागून घेतलीती खोली. त्या मानसानं आमचा होम राखला आन आमी त्येच्या दाराला कुलूप घातलं. लोकांचं ऐकलं, दुसरं काय?"

त्यांच्या वकिलांनी पेनाचं टोपण लावलं. न्यायाधीशांनी साक्षीदाराचं म्हणणं शब्दशः उतरवून घ्यायला सांगितलं. उलटतपासात साक्षीदाराला बोलतं करण्यात माझा थोडाफार लौकिक होता, आणि त्या संध्याकाळी बाररूममध्ये माझं कौतुकही झालं. मी ते घेतलं. पण सुभेदारांना मी बोलतं केलं नव्हतं, ते त्यांच्या त्यांनीच बोलले होते.

निकाल आमच्या बाजूने लागला. ताबा द्यायला कोर्टाचा माणूस जाण्याची वेळच आली नाही. सुभेदार स्वतः आले, कुलूप काढलं आणि किल्ली रमजानभाईंच्या हातात दिली. मुलासाठी खोली हवी असेल तर रीतसर दावा करायला ते मोकळे होते, अजूनही आहेत. त्यांनी तो केला नाही. मुलाने वरच्या मजल्यावर दुकान काढलं, मोबाईल दुरुस्तीचं. जिना चढावा लागतो म्हणून गिऱ्हाईक कमी येतं, असं ऐकलं.

एक गोष्ट मात्र आम्हा दोघा वकिलांपैकी कुणाच्याही लक्षात आली नव्हती, आणि निकालपत्रातही तिचा उल्लेख नाही. सुभेदारांचा वास्तुपुरुष रमजानभाईंच्या फरशीखाली पुरलेला होता.

हे मला कळलं यंदाच्या दिवाळीआधी. ऑफिस आवरलं, मग घर आवरायला घेतलं, आणि नातवंडं येणार म्हणून चार जुन्या गाद्या पिंजायला टाकल्या. गाद्या घेऊन मी स्वतःच गेले. खोली होती तशीच होती. मशीन चालू, हवेत कापूस, माळ्यापर्यंत पोती. फक्त आग्नेय कोपऱ्यात दोन हात जागा मोकळी, झाडलेली. मधल्या फरशीवर हळदकुंकवाचा डाग होता.

"जागा अपुरी पडत असताना तो कोपरा रिकामा का ठेवलाय?" मी विचारलं.

"त्येंचा देव हाय की तितं. त्यावर पोती कशी टाकायची?" रमजानभाईंनी मशीन बंद केलं. "सनाला सुभेदार आन वैनी निवद घिऊन येत्यात. पाडव्याला, दसऱ्याला. आता दिवाळीला येतील."

बत्तीस वर्षांची सवय एका वर्षात जात नाही. मी ताबडतोब विचारलं, "मग किल्ली मागतात का?"

"मागितली की पैल्या सनाला. पाटंचंच येनार हुतं ते. सुभेदार म्हनलं, तुमी कशाला झोपमोड करता, किल्ली तेवढी द्या."

मंगळवार पेठेतले मास्तर आठवले, त्यांची ती खिडकी आणि तो तिळगूळ. नाही म्हणावं तर शेजार जातो आणि हो म्हणावं तर खोली जाते, यातून तिसरी वाट मला मास्तरांना दाखवता आली नव्हती, आणि रमजानभाईंनाही मी ती कधी सांगितली नव्हती.

"आणि तुम्ही दिलीत?"

रमजानभाईंनी माझ्या गादीची खोळ उसवायला घेतली.

"न्हाई, मॅडम," ते म्हणाले. "किल्ली न्हाई देत. मीच पाटंला येतो आन दार उघडून देतो."